सी मध्ये लिहिलेला डॉस ड्रायव्हर मशीन लटकवतो: कुठे पाहायचं, कोणत्या क्रमाने

तक्रार नेहमीचीच आहे. टर्बो सी किंवा मायक्रोसॉफ्ट सी मध्ये छोटासा ड्रायव्हर लिहिला, कंपाइल बिनबोभाट झाला, .सिस फाइल तयार झाली, कॉन्फिग.सिस मध्ये 'डिव्हाइस=' ची ओळ टाकली, मशीन रीबूट केलं, आणि 'स्टार्टिंग एमएस-डॉस' च्या पुढे सगळं ठप्प. किंवा त्याहून वाईट म्हणजे बूट नीट होतं, ड्रायव्हर दोन-चारदा चालतो, आणि मग भलत्याच प्रोग्रॅमच्या मध्यावर मशीन आडवं होतं. माणूस मग आपला सी कोड ओळ न् ओळ वाचत बसतो. तिथे सहसा काही सापडत नाही.

याचं कारण, ड्रायव्हरला मेन() नसतं. कंपायलर जो कोड बनवतो तो बऱ्याच गोष्टी गृहीत धरून बनवतो: डीएस रजिस्टर आपल्या डेटाकडे रोखलेलं आहे, टायनी आणि स्मॉल मॉडेलमध्ये एसएस (स्टॅकचं सेगमेंट रजिस्टर) आणि डीएस एकच आहेत, स्टॅकवर ऐसपैस जागा आहे, डायरेक्शन फ्लॅग शून्य आहे, किंमत न दिलेले ग्लोबल व्हेरिएबल शून्य आहेत. साध्या प्रोग्रॅममध्ये ही सगळी मांडामांड स्टार्टअप कोड करतो. ड्रायव्हरला तो जोडता येत नाही, आणि डॉस यातलं काहीएक करून देत नाही. म्हणून आधी तपासायचा तो सी कोड नव्हे, तर डॉस आणि सी यांच्यामध्ये उभा असलेला पन्नास-साठ ओळींचा असेंब्लीचा तुकडा आणि लिंकरने दिलेली मॅप फाइल (कोणता भाग कुठे बसला त्याची यादी). 'संपूर्ण ड्रायव्हर सी मध्येच, असेंब्लीची एकही ओळ नाही' असा हट्ट काही जण धरतात. जमतं, पण कंपायलरच्या आतल्या सवयींवर विसंबून. मी तो हट्ट धरत नाही.

थोडी पार्श्वभूमी. मार्च १९८३ मध्ये पीसी एक्सटी बरोबर डॉस २.० आलं, तेव्हापासून कॉन्फिग.सिस मधून ड्रायव्हर जोडता येऊ लागले. त्याआधी ड्रायव्हर आयबीएमबायो.कॉम च्या पोटातच असायचे. नव्या रचनेत ड्रायव्हरच्या अगदी सुरुवातीला १८ बाइटचा हेडर लागतो: पुढच्या ड्रायव्हरचा पॉइंटर ४ बाइट (फाइलमध्ये तो उणे एक ठेवायचा), गुणधर्मांचा शब्द २ बाइट, स्ट्रॅटेजी रूटीनचा ऑफसेट २, इंटरप्ट रूटीनचा ऑफसेट २, आणि नाव ८. काही काम असलं की डॉस आधी स्ट्रॅटेजीला 'फार' कॉल (इंग्रजी far, म्हणजे सेगमेंट आणि ऑफसेट दोन्ही देऊन केलेला कॉल; 'निअर' मध्ये फक्त ऑफसेट) करतं, त्या वेळी ईएस:बीएक्स मध्ये विनंतीच्या हेडरचा पत्ता असतो. स्ट्रॅटेजीने तो फक्त टिपून परतायचं. लगेच दुसरा फार कॉल इंटरप्ट रूटीनला, आणि खरं काम तिथे. डॉस एकाच वेळी एकच काम करतं, तरी ही दोन टप्प्यांची वरात आहे, आणि सी वाल्यांची निम्मी दुखणी तिच्यातूनच येतात.

खाली लिहिलेलं १६ बिटच्या रिअल मोडसाठी आहे, डॉस २.० पासून ६.२२ पर्यंत. फ्रीडॉसलाही बहुतेक तसंच लागू पडतं.

आधी चाचणीची जागा नीट करा

हार्ड डिस्कच्या कॉन्फिग.सिस मध्ये कच्चा ड्रायव्हर घालू नका. बूट होणारी वेगळी फ्लॉपी (आजच्या काळात फ्लॉपीची इमेज) ठेवा, त्यावर कॉन्फिग.सिस मध्ये फक्त हा एक ड्रायव्हर. डॉस ६ असेल तर एफ८ दाबून एकेक ओळ विचारून चालवता येते, एफ५ ने सगळ्या ओळी टाळता येतात. जुन्या डॉसला ही सोय नाही, तिथे फ्लॉपीला पर्याय नाही.

आपल्याकडे बऱ्याच जणांनी कॉलेजच्या लॅबमधली टर्बो सी++ ची निळी स्क्रीन पाहिलेली असते आणि आता तीच डॉसबॉक्समध्ये चालवतात. कंपाइल करायला ते उत्तम. ड्रायव्हर तपासायला मात्र साधा डॉसबॉक्स कुचकामी, कारण त्यातलं डॉस नकली आहे आणि ते कॉन्फिग.सिस मधून ड्रायव्हर चढवत नाही. ८६बॉक्स, क्यूईएमयू किंवा बॉक्स (Bochs) यापैकी एखाद्या इम्युलेटरमध्ये खरं डॉस टाका.

बूटच होत नाही, एकही संदेश येत नाही

पहिला संशय फाइलवर. .सिस फाइल म्हणजे ऑफसेट ० पासून सुरू होणारी सपाट प्रतिमा. .कॉम फाइल १०० हेक्स पासून सुरू होते, हिचं तसं नाही. कॉम बनवण्याच्या सवयीने असेंब्लीत ऑर्ग १०० लिहिलं गेलं असेल तर सगळे ऑफसेट २५६ ने चुकतात.

हेडर खरोखर पहिला आला आहे का ते मॅप फाइलमध्ये बघा. लिंकर ज्या क्रमाने ओबीजे फाइली द्याल त्याच क्रमाने कोड रचतो, म्हणून असेंब्लीचा तुकडा यादीत पहिला हवा. सी ची फाइल आधी दिली की हेडरच्या जागी कुठल्या तरी फंक्शनची पहिली सूचना येऊन बसते, आणि डॉस तिलाच गुणधर्म आणि ऑफसेट समजून वाचतं. मॅपमध्ये आणखी एक गोष्ट शोधा, न मागवलेले पाहुणे. स्टार्टअपचं, मॅलॉकचं किंवा फाइल उघडण्याचं एखादं मॉड्यूल यादीत दिसलं तर तुमच्या कोडमधल्या कुठल्या तरी कॉलने ते ओढून आणलं आहे. ३२ बिट गुणाकार-भागाकाराची छोटी मदतनीस फंक्शनं चालतात, ती कुणाला काही विचारत नाहीत.

मग ईएक्सई२बिन (लिंकरच्या .ईएक्सई फाइलची सपाट फाइल बनवतो तो). हा प्रोग्रॅम 'फाइल कॅनॉट बी कन्व्हर्टेड' म्हणाला तर बहुधा स्टॅक सेगमेंट जाहीर केलेला असतो किंवा सुरुवातीचा पत्ता भलताच दिलेला असतो. दोन्ही काढून टाका. लिंकर 'नो स्टॅक' अशी कुरकूर करेल, करू द्या. त्याहून घातक म्हणजे 'फिक्सअप्स नीडेड - बेस सेगमेंट' असा प्रश्न विचारतो तेव्हा. लोक इथे शून्य टाइप करतात आणि पुढे जातात. प्रश्नाचा अर्थ असा की कोडमध्ये कुठे तरी सेगमेंटची खरी किंमत लागते आहे, आणि ड्रायव्हर मेमरीत कुठे चढणार हे कुणालाच आधी ठाऊक नसतं. शून्य दिलंत की तो पॉइंटर सेगमेंट शून्याकडे बघतो, आणि तिथे इंटरप्ट व्हेक्टरचा तक्ता असतो. पहिल्याच लिखाणात तक्ता खराब, मशीन गार. प्रश्न आला की थांबायचं आणि फिक्सअप कुठून येतो ते शोधायचं. बहुतेक वेळा फार पॉइंटरला जाहीर करतानाच फंक्शनचा किंवा ग्लोबलचा पत्ता दिलेला असतो, किंवा एखादी फाइल चुकून मोठ्या मॉडेलमध्ये कंपाइल झालेली असते. तशी किंमत इनिटच्या (ड्रायव्हर चढवताना डॉस पाठवतं त्या पहिल्या आज्ञेच्या) वेळी, सीएस वाचून, कोडमध्ये भरायची.

एकदा चालतो, परतताना मरतो: 'इंटरप्ट' शब्दाचा सापळा

यात नवशिके हमखास अडकतात, आणि जाणतेही. डॉसच्या दस्तऐवजात दुसऱ्या रूटीनचं नाव 'इंटरप्ट रूटीन' आहे. टर्बो सी मध्ये 'इंटरप्ट' हा कीवर्ड आहे. दोन्ही जोडावेसे वाटणं साहजिक आहे, शिवाय तो कीवर्ड सगळे रजिस्टर वाचवतो आणि डीएस पण लावतो, म्हणजे आयतं ताट. पण डॉस या रूटीनला फार कॉल करतं, खरा इंटरप्ट देत नाही. फार कॉल स्टॅकवर ४ बाइट ठेवतो, सीएस आणि आयपी. कीवर्ड लावलेलं फंक्शन संपताना आयरेट (इंटरप्टमधून परतण्याची सूचना) करतं, आणि आयरेट ६ बाइट उचलतं: आयपी, सीएस आणि फ्लॅग्ज.

पत्ता बरोबर उचलला जातो, म्हणून परतणं योग्य जागी होतं. फसगत इथेच होते. फ्लॅग्जमध्ये मात्र डॉसच्या स्टॅकवरचा जो काही शब्द होता तो जातो आणि स्टॅक पॉइंटर २ ने पुढे सरकतो. त्या शब्दातला इंटरप्टचा बिट शून्य असला तर कीबोर्ड आणि घड्याळ बंद. ट्रॅपचा बिट लागला तर वेगळाच तमाशा. काहीच बिघडलं नाही तरी डॉस पुढच्या वेळी स्टॅकवरून चुकीचा शब्द उचलणार आहेच. एका आवृत्तीवर चालतं, दुसरीवर नाही, याचं हे एक नेहमीचं कारण.

उपाय सोपा: हेडरमध्ये ज्याचा ऑफसेट आहे ते प्रवेशद्वार असेंब्लीत, शेवटी साधं फार रिटर्न. 'इंटरप्ट' कीवर्ड फक्त खऱ्या हार्डवेअर इंटरप्टसाठी, म्हणजे सिरियल पोर्टचा आयआरक्यू ४ तुम्ही स्वतः पकडलात तर त्या फंक्शनला. तिथे तो हवाच, आणि शेवटी पोर्ट २० हेक्स वर २० हेक्स लिहायला विसरायचं नाही.

स्ट्रॅटेजी सी मध्ये लिहिली आहे?

टर्बो सी मध्ये _ईएस आणि _बीएक्स अशी छद्म व्हेरिएबल मिळतात, त्यामुळे एका ओळीत पत्ता टिपता येईल असं वाटतं. पण टिपणार कुठे? ग्लोबल व्हेरिएबलमध्ये. ते डीएस वरून मोजलं जातं, आणि त्या क्षणी डीएस डॉसचं आहे. म्हणजे तुम्ही डॉसच्याच डेटात ४ बाइट खरडता. मशीन लगेच मरत नाही, म्हणून शोध आणखी अवघड. डीएस आधी बदलायला गेलात तर कंपायलर मध्ये कुठलं रजिस्टर वापरेल याचा भरवसा नाही, आणि बदललेलं डीएस परत कोण लावणार?

स्ट्रॅटेजी असेंब्लीतच ठेवा: बीएक्स आणि ईएस सीएस च्या आधाराने दोन शब्दांत ठेवायचे आणि फार रिटर्न. तीन सूचना, विषय संपला.

स्टॅक

डॉसचं तांत्रिक दस्तऐवज सांगतं की ड्रायव्हरला मिळणाऱ्या स्टॅकवर साधारण २० पुश इतकी जागा असते. म्हणजे ४० बाइट. सगळे रजिस्टर वाचवले की त्यातली निम्मी गेली. सी ची दोन फंक्शनं एकात एक गेली आणि एखादा लोकल ॲरे आला की मर्यादा संपली. म्हणून स्वतःचा स्टॅक लागतोच.

तो आपल्याच डेटात ठेवण्याचा दुसरा फायदा जास्त मोलाचा आहे: एसएस आणि डीएस एक होतात. डॉसच्या स्टॅकवर राहून लोकल व्हेरिएबलचा पत्ता दुसऱ्या फंक्शनला दिला तर निअर पॉइंटरमध्ये फक्त ऑफसेट जातो. समोरचं फंक्शन तो डीएस वरून वाचतं, आणि व्हेरिएबल तर एसएस मध्ये. कोड वाचताना हे डोळ्याला दिसणं शक्यच नाही. मायक्रोसॉफ्ट सी मध्ये 'एसएस वेगळं आहे' असं सांगणारा पर्याय आहे, पण तो लायब्ररीच्या आधीच कंपाइल झालेल्या फंक्शनना लागू होत नाही. स्टॅक बदलणं बरं.

प्रवेशद्वाराचा क्रम मी असा ठेवतो. फ्लॅग्ज आणि सगळे रजिस्टर पुश. जुनं एसएस आणि एसपी सीएस च्या आधाराने टिपून ठेवणं. इंटरप्ट बंद करून एसएस मध्ये सीएस ची किंमत आणि एसपी मध्ये आपल्या स्टॅकचं वरचं टोक, मग इंटरप्ट चालू. (एसएस बदलल्यावर पुढच्या एका सूचनेपर्यंत प्रोसेसर आपणहून इंटरप्ट रोखतो हे खरं, पण अगदी सुरुवातीच्या ८०८८ चिपमध्ये ते नीट होत नसे. संग्राहकांकडे अशा चिप अजून आहेत, तेव्हा बंद करणं बरं.) मग डीएस आणि ईएस आपले, डायरेक्शन फ्लॅग साफ, विनंतीच्या पत्त्याचा सेगमेंट आणि ऑफसेट स्टॅकवर, सी फंक्शनला निअर कॉल. परत आल्यावर एएक्स मध्ये जी स्थिती असेल ती विनंतीच्या ऑफसेट ३ वर असेंब्लीनेच लिहायची. मग सगळं उलट क्रमाने परत, फार रिटर्न.

एवढं करूनही 'स्टॅक ओव्हरफ्लो' येत असेल तर तो तुमचा नाही, कंपायलरचा आहे. मायक्रोसॉफ्ट सी प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला स्टॅकची तपासणी घालतो आणि त्याला आपला नवा स्टॅक ठाऊक नसतो. /जीएस देऊन ती काढा. टर्बो सी मध्ये ती मुळात बंद असते, -एन देऊन चालू करू नका म्हणजे झालं.

डॉसला भलतीच उत्तरं मिळतात

स्थिती असेंब्लीने का लिहायची, त्याचं कारण इथे आहे. विनंतीच्या हेडरमध्ये लांबी ऑफसेट ० वर, युनिट १ वर, आज्ञेचा क्रमांक २ वर, आणि स्थितीचा शब्द ३ वर. विषम ऑफसेट! मायक्रोसॉफ्ट सी काही न सांगता स्ट्रक्चरमधले शब्द सम ऑफसेटला लावतो, म्हणजे तुमची स्थिती ४ वर जाते. टर्बो सी तसं करत नाही, पण -ए दिलंत की करतो.

समजा अनोळखी आज्ञा आली आणि तुम्ही ८१०३ हेक्स परत केलं: चुकीचा बिट, काम झाल्याचा बिट आणि चूक क्रमांक ३. इंटेलच्या रीतीने खालचा बाइट ०३ ऑफसेट ४ वर जातो आणि वरचा ८१ ऑफसेट ५ वर. डॉस मात्र ३ आणि ४ वाचतं. त्याच्या दृष्टीने शब्दाचा वरचा बाइट ०३ आहे, म्हणजे बिट ८ आणि ९ लागलेले: काम झालं, आणि डिव्हाइस व्यस्त. चूक झाल्याचा मागमूस नाही. इनिटमध्ये तर याहून गोंधळ. मेमरीचा शेवटचा पत्ता ऑफसेट १४ वर द्यायचा असतो, तो सरकून १६ वर पडतो, आणि तुम्ही ज्याला ऑफसेट म्हणून लिहिलं ते डॉस सेगमेंट म्हणून वाचतं.

/झेडपी१ द्या, किंवा स्ट्रक्चरचा नाद सोडून ऑफसेटने वाचा-लिहा. ग्रहण लागलंय की नाही ते बघायला एक ओळ पुरते: स्ट्रक्चरच्या सामाईक भागाचा साइझऑफ १३ यायला हवा. १४ आला तर झालंच.

याच्याच शेजारचं दुखणं म्हणजे 'सस्पिशस पॉइंटर कन्व्हर्जन' ही टर्बो सी ची धोक्याची सूचना (वॉर्निंग). वाचन-लेखनाच्या विनंतीत बफरचा पत्ता फार असतो. तो स्मॉल मॉडेलच्या मेमकॉपीला दिला की सेगमेंट मुकाट्याने गळून पडतो आणि नक्कल तुमच्याच डेटात कुठे तरी होते. नेहमीच्या प्रोग्रॅममध्ये लोक ही सूचना डोळ्याआड करतात. ड्रायव्हरमध्ये ती आली तर कंपाइल अयशस्वी झालं असंच समजा. मूव्हडेटा वापरा, किंवा फार पॉइंटरवर साधं लूप.

एकटा असला की चालतो, दुसरा ड्रायव्हर जोडला की बिघडतो

इनिट संपवताना 'माझी मेमरी इथपर्यंत' असा पत्ता द्यायचा असतो. त्याच्या पुढे डॉस लगेच दुसरा ड्रायव्हर बसवतं. असेंब्लीतल्या जुन्या उदाहरणांमध्ये इनिटचा कोड सगळ्यात शेवटी असतो आणि त्याच्या सुरुवातीचाच पत्ता परत दिला जातो, म्हणजे एकदाच लागणारा कोड फुकटात मोकळा. ही युक्ती सी मध्ये तशीच उचलली की घात होतो. कंपायलर सगळा कोड आधी ठेवतो, मग डेटा, मग बीएसएस, म्हणजे किंमत न दिलेले ग्लोबल. शेवटच्या फंक्शनचा पत्ता दिलात तर डेटा, बीएसएस आणि त्यातला तुमचा स्टॅक हे सगळं डॉसला दान केलंत. पुढे दुसरा ड्रायव्हर नसेल तर काही काळ कुणी ती जागा वापरत नाही. हिमेम किंवा माऊसचा ड्रायव्हर खाली जोडला की तो थेट तुमच्या व्हेरिएबलवर येऊन बसतो.

बीएसएसची दुसरी भानगड अशी की ती .सिस फाइलमध्ये नसतेच. स्टार्टअप कोड नाही म्हणजे ती शून्य करणारंही कुणी नाही. मेमरी नुकतीच चालू झालेली असली की योगायोगाने शून्य मिळतात, गरम रीबूटनंतर जुना कचरा.

तिसरी भानगड डॉस ५ पासूनची. 'डिव्हाइस=' ने चालणारा ड्रायव्हर 'डिव्हाइसहाय=' ने लटकतो. वरच्या मेमरीत जागा पुरेल का हे डॉस फाइलच्या आकारावरून ठरवतं. तुमची फाइल ३ केबी आणि बीएसएस मध्ये ४ केबीचा बफर असेल तर ३ केबीच्या भोकात ७ केबीचा ऐवज बसतो, आणि पलीकडच्या मेमरी ब्लॉकचं नियंत्रण पुसलं जातं. मग 'मेमरी ॲलोकेशन एरर, कॅनॉट लोड कमांड, सिस्टीम हॉल्टेड' असा निरोप येतो आणि संशय कमांड.कॉम वर जातो. डॉस ५ मध्ये साइझ= आणि डॉस ६ मध्ये /एल देऊन हे टाळता येतं, पण ते वापरणाऱ्याच्या गळ्यात कशाला बांधायचं?

तिन्हींवर एकच इलाज चालतो. असेंब्लीची आणखी एक छोटी फाइल लिंकच्या यादीत सर्वात शेवटी द्या. तिच्यात बीएसएसच्या मागे येणारा एक सेगमेंट, त्याच ग्रुपमध्ये, आणि त्यात किंमत दिलेला एकच बाइट. त्या बाइटपर्यंत पोचण्यासाठी लिंकरला मधली सगळी जागा फाइलमध्ये शून्यांनी भरावीच लागते. बीएसएस शून्य मिळते, फाइलचा आकार खरा होतो, आणि त्या बाइटच्या पुढचं लेबल म्हणजेच मेमरीचा शेवट. फाइल थोडी मोठी होते, त्याचं काय एवढं. क्रम बरोबर लागला की नाही ते मात्र मॅपमध्ये बघून घ्या.

संदेशाच्या जागी कचरा छापला जातो

असेंब्लीत 'ऑफसेट संदेश' असं लिहिलंत तर जुने असेंब्लर तो सेगमेंटच्या सुरुवातीपासून मोजतात, ग्रुपच्या नाही. डीएस ग्रुपच्या सुरुवातीला, संदेश डेटा सेगमेंटमध्ये, त्यामुळे पत्ता कोडच्या लांबीइतका कमी येतो. 'ऑफसेट डीग्रुप:संदेश' लिहा. सी मधून येणारे संदेश नीट आणि असेंब्लीतले बिघडलेले असतील तर दुसरं काही शोधायची गरज नाही.

दोन्हीकडचे बिघडले असतील तर प्रिंटएफ वापरता आहात का बघा. ते चालणार नाही. इनिटमध्ये इंट २१ ची फक्त ०१ ते ०सी, २५, ३० आणि ३५ हेक्स एवढीच कामं चालतात, आणि इनिटनंतर एकही नाही, कारण डॉसनेच तुम्हाला बोलावलेलं असतं आणि ते स्वतःत पुन्हा शिरू शकत नाही. बायॉसचं इंट १०, एएच मध्ये ०ई हेक्स, त्यावर स्वतःचं पाच ओळींचं छापण्याचं फंक्शन लिहा. मॅलॉक नाही, फाइल नाही, आणि फ्लोट तर अजिबात नाही: त्याच्या नकलेसाठी कंपायलर इंट ३४ हेक्सपासून पुढचे व्हेक्टर वापरतो आणि ते लावणारा स्टार्टअप कोड इथे नाही.

कॉन्फिग.सिस मधली तुमची ओळ इनिटच्या विनंतीत ऑफसेट १८ वर फार पॉइंटरने मिळते. ती शून्याने संपत नाही, कॅरेज रिटर्न किंवा लाइन फीडने संपते. स्ट्रलेन लावलंत तर ते पुढे भटकत जाईल.

कॉपी केलं तर डिव्हाइसकडे न जाता फाइलच तयार होते

नाव ८ अक्षरांचं, उरलेली जागा स्पेसने भरलेली हवी. सी मध्ये ॲरेला छोटी स्ट्रिंग दिली की उरलेली जागा शून्यांनी भरते. डॉसला ते नाव जुळत नाही, म्हणून ते शहाण्यासारखं त्या नावाची फाइल बनवतं. नाव मोठ्या लिपीत आणि स्पेससकट लिहा.

नाव निवडतानाही जपून. डॉस एक्स्टेंशनकडे न बघता, कोणत्याही डिरेक्टरीत, आधी डिव्हाइसचं नाव जुळवतं. डिव्हाइसचं नाव 'लॉग' आणि ड्रायव्हरची फाइल लॉग.सिस असेल तर ड्रायव्हर चढल्यावर ती फाइल ना कॉपी होते ना पुसता येते. डिव्हाइसचं नाव 'डीबग' ठेवणाऱ्याला देवच वाचवो.

काही किरकोळ

'व्हेरिफाय ऑन' केल्यावर लिहिणं बंद पडलं: डॉस तेव्हा आज्ञा ८ ऐवजी ९ पाठवतं. दोन्हींना एकच फंक्शन द्या.

लिहिणं फार संथ: कॅरेक्टर डिव्हाइसला डॉस शिजवलेल्या (कुक्ड) पद्धतीत एकेक बाइट पाठवतं. आयओसीटीएल ४४०१ हेक्स ने बिट ५ लावून कच्ची (रॉ) पद्धत चालू केली की पूर्ण बफर एकदम येतो.

ब्लॉक ड्रायव्हरला अक्षर मिळालं पण डिर केल्यावर गोंधळ: इनिटमध्ये बीपीबीचा (डिस्कच्या मांडणीच्या तक्त्याचा) पत्ता द्यायचा नसतो, बीपीबींच्या निअर पत्त्यांच्या ॲरेचा पत्ता द्यायचा असतो. एकच युनिट असलं तरी.

डॉस ५ वर ठीक, डॉस ३ वर नाही: विनंतीचा पहिला बाइट म्हणजे तिची लांबी. जुन्या आवृत्तीत विनंती आखूड असते. ऑफसेट २३ वर लिहिण्याआधी ती लांबी बघा.

तरीही कळत नसेल तर

डीबग बूटनंतर चालतं, म्हणून इनिटसाठी त्याचा उपयोग नाही. जुना उपाय अजून सर्वात चांगला: पडद्याच्या मेमरीत थेट अक्षर लिहा. रंगीत कार्डावर सेगमेंट बी८००, मोनोक्रोमवर बी०००. ऑफसेट १५८ म्हणजे पहिल्या ओळीचा उजवा कोपरा. प्रवेशद्वारात शिरताना १, स्टॅक बदलल्यावर २, सी फंक्शनमध्ये ३, परत आल्यावर ४, फार रिटर्नच्या आधी ५. मशीन थांबलं तेव्हा कोपऱ्यात जो आकडा असेल त्याच्या पुढची सूचना बघा. २ वर थांबलं तर लिंकिंगचा किंवा मॉडेलचा घोळ, ३ वर तर सी कोड, ५ दिसूनही मेलं तर परतण्याचा प्रकार किंवा शेवटचा पत्ता. अक्षर लिहिताना रजिस्टर जपा, नाहीतर तपासणीच नवा बिघाड करेल.

बॉक्स इम्युलेटर वापरत असाल तर त्याच्या सेटिंगमध्ये जादूचा ब्रेकपॉइंट चालू करा आणि कोडमध्ये 'एक्सचेंज बीएक्स, बीएक्स' ही सूचना घाला, म्हणजे ८७ डीबी हे दोन बाइट. खऱ्या मशीनवर ती काहीच करत नाही, इम्युलेटरमध्ये तिथेच डीबगर उघडतो. टर्बो सी २.० मध्ये ते दोन बाइट __एमिट__ ने थेट सी मधून घालता येतात, असेंब्लर नसला तरी.

आणि डॉस पलीकडून नेमकं काय करतं हे बघायचं असेल तर आता अंदाज बांधायची गरज उरलेली नाही. मायक्रोसॉफ्टने डॉस १.२५ आणि २.० चा सोर्स २०१८ मध्ये गिटहबवर एमआयटी परवान्याखाली टाकला, आणि एप्रिल २०२४ मध्ये ४.०० चा. ४.०० मध्ये आन्सी आणि रॅमड्राइव्ह या ड्रायव्हरांचा सोर्सही आहे. दोन्ही असेंब्लीत आहेत, पण त्यांचा इनिटचा भाग आपल्या तुकड्याशेजारी ठेवून वाचला की कोणता ऑफसेट चुकला आहे ते पटकन दिसतं.